विहीणबाईंकडचं एक वाजताचं जेवण

पावणेएकला ह्यांनी डाविदेच्या बाथरूममध्ये जाऊन इन्सुलिन घेतलं. चौदा युनिट. एरवी दुपारी आठ घ्यायचे. बाहेर आले, शर्ट नीट खोचला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणले, "चौदा घेतलं. चार कोर्स येणारेत ना."

मी म्हणलं, "अहो, ताट समोर येऊ द्यायचं होतं की आधी."

तर म्हणले, "एक वाजता जेवण म्हणलेत म्हणजे एक वाजता. आणि मला टेबलावरनं मधेच उठायचं नाहीये."

डाविदे म्हणजे आमच्या ईशिताचा ठरलेला नवरा. इटलीचा मुलगा, इथं ब्रिस्टलला त्याचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. वडील नाहीत त्याला. त्याची आई, कार्मेलाबाई, दोन दिवस आधी इटलीहून आल्या होत्या, खास आम्हाला भेटायला. मार्चमधला रविवार. दोन्ही घरं पहिल्यांदा एकत्र जेवणार होती. ईशिता बर्मिंगहॅमला हॉस्पिटलात फिजिओ आहे, ती सकाळच्या ट्रेनने यायची होती.

एकला पाच कमी असताना डाविदेचा फोन वाजला. ईशिताची ट्रेन मधेच कुठंतरी उभी, सिग्नलचं काहीतरी झालेलं. तो म्हणाला मी स्टेशनवर जाऊन थांबतो, आली की गाडीतनं लगेच आणतो. तो गेला आणि आम्ही तिघं राहिलो. विहीणबाईंना इंग्लिश येत नाही, "सिट, सिट, प्लीज" एवढंच. माझं इंग्लिश शाळेच्या किचनपुरतं, मी तिथं डिनर लेडी आहे, म्हणजे पोरांना जेवण वाढते. ह्यांना इंग्लिश चांगलं यायचं, पण चांगलं येऊन बोलणार कोणाशी?

हॉबवर मोठ्या पातेल्यात पाणी खदखदत होतं. मला वाटलं आता सोडतील पास्ता. तर बाईंनी खालचा गॅस बारीक केला, दाराकडं बोट केलं, म्हणल्या, "ईशिता." म्हणजे मुलगी आल्याशिवाय नाही. डाविदेने मला नंतर सांगितलं, त्यांच्यात असंच आहे, सगळी माणसं टेबलाला बसल्याशिवाय पास्ता पाण्यात टाकायचा नाही. माणसांनी पास्त्याची वाट बघायची, पास्ता कोणाची वाट बघत नाही, लगदा होतो त्याचा.

मी घड्याळाकडं बघितलं. मग ह्यांच्याकडं बघितलं. हे ताठ बसलेले, दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेवर, शाळेत बसतात तसे.

इथल्या मराठी मंडळाच्या मालविकाताई म्हणल्या अंकात श्रीनिवासरावांवर दोन शब्द लिहा, म्हणून फोनवर टाईप करतेय. मी सातवी शिकलेली. काय चुकलं तर त्या बघतील.

ह्यांचं नाव श्रीनिवास काळोखे. मंडळात सगळे काळोखेसाहेब म्हणायचे, पण साहेब कुठले, आकुर्डीला वर्कशॉपमध्ये लेथवर होते. दोन हजार चारला वर्क परमिटवर इथं, ब्रिस्टलशेजारी फिल्टनला आले, विमानाचे बारके पार्ट बनवणाऱ्या एका लहान कंपनीत, मशीन सेटर म्हणून. मी आणि ईशिता वर्षभराने आलो, ती दहा वर्षांची होती. ड्रॉइंगवर लिहिलंय तसंच करायचं, केसाइतकाही फरक नको, असा माणूस. घरी पण तसंच. कपाट आणलं की आधी पुस्तिका दोनदा वाचणार, स्क्रू मोजून वाटीत ठेवणार. एकदा दिवाळीत माझ्या चकल्या व्हर्नियरने मोजल्या. म्हणले, "तुझ्या चकल्यांत दोन दोन मिलिमीटरचा फरक आहे, श्यामला. रिजेक्ट." मी म्हणलं, रिजेक्ट तर रिजेक्ट, मी आणि ईशिता खातो, तुम्ही ड्रॉइंग खावा. तरी अर्धा डबा ह्यांनीच संपवला.

शुगर बारा वर्षांपासून. गोळ्या झाल्या, मग इन्सुलिन आलं, तीन वर्षांपूर्वी हार्टला स्टेंट पडली. पण कोणाला सांगायचं नाही. कंपनीत माहीत नाही, मंडळात माहीत नाही. कोणाकडं जेवायला गेलो की हे आधी बाथरूममध्ये. लोकांना वाटायचं हात धुवायला गेलेत, काय स्वच्छ माणूस.

सांगायचं का नाही, तर त्याला कारण होतं. ह्यांची थोरली बहीण, सुमेधाताई. त्यांचं लग्न ठरलेलं, सुपारी फुटलेली, मांडवाची मापं घेतलेली. मुलाकडचे जेवायला आले आणि पंगतीत माझ्या सासऱ्यांना फिट आली. पानावरच पडले. मुलाकडच्यांनी हात धुतले आणि उठून गेले ते गेलेच. घराण्यात फिट आहे म्हणले. ताई अकरा वर्षं घरात बसल्या, मग एका बिजवराला दिल्या. हे तेव्हा चौदा वर्षांचे, वाढायला होते. पडलेल्या वडिलांचा घास ह्यांनी बोटाने तोंडातनं काढलेला. ते मला लग्नानंतर एकदाच सांगितलं.

म्हणून ईशिताने डाविदेचं सांगितलं तेव्हा हे पहिलं काय बोलले असतील? जात नाही, धर्म नाही, काही नाही. "त्याच्या आईला माझ्या शुगरचं सांगितलंस का?"

ईशिता हसली. "बाबा, डाविदेला माहिती आहे ना तुमचा डायबेटीस. आईला कशाला सांगेल तो? इट्स नॉट अ बिग थिंग."

"तुझ्यासाठी नसेल. आपण मुलीकडचे आहोत."

"मुलीकडचे म्हणजे काय, बाबा? आपण फिल्टनचे आहोत."

तिने विषय तिथंच सोडला. ह्यांनी नाही सोडला. रात्री मला म्हणले, लग्न लागेपर्यंत कार्मेलाबाईंसमोर साखर, सुई, स्टेंट, एक शब्द नाही. माझा हात घेऊन स्वतःच्या डोक्यावर ठेवला. मी म्हणलं हे काय, सोडा. सोडला नाही. मग मी म्हणलं बरं.

मग ह्यांनी इटलीच्या जेवणाचा अभ्यास चालू केला. तीन आठवडे. फोनवर व्हिडिओ लावायचे, इटलीला फिरायला जाणाऱ्यांनी टेबलावर कसं वागावं. वर्कशॉपच्या वहीत नंबर घालून लिहून काढायचे आणि मला वाचून दाखवायचे. स्पॅगेटी सुरीने कापायची नाही, चमचा घ्यायचा नाही, काट्यावर गुंडाळायची. माशावर चीज मागायचं नाही. अकरानंतर दुधाची कॉफी मागायची नाही, हसतात. यजमानीण घास घेत नाही तोवर आपण घ्यायचा नाही. ब्रेड आधी खायचा नाही, तो शेवटी, पानातला रस्सा पुसून घ्यायला. हात मांडीवर नाही, टेबलावर दिसले पाहिजेत.

मी म्हणलं, "मग आपलं बरंय, हातानेच खातो, सगळ्यांना दिसतात."

"चेष्टा नको. घे काटा."

रोज संध्याकाळी स्पॅगेटी. मला काय गुंडाळायला यायची नाही, अर्धी परत ताटात. हे म्हणायचे, "डावीकडं फिरव. आटे उलटे बसतायत तुझे." शेवटी शेवटी ह्यांना असं जमायला लागलं की काट्यावर बॉबिन भरल्यासारखी स्पॅगेटी बसायची. तेव्हा हसायचे. नाहीतर त्या तीन आठवड्यांत मला भीतीच वाटायची ह्यांची. झोपेत ओठ हलायचे. एकदा सकाळी उठून म्हणले, मला स्वप्न पडलं, मी टेबलावर पडलोय आणि त्या बाई हात धुतायत.

त्या रविवारी सकाळी निघताना नुसता अर्धा कप चहा घेतला, साखर नसलेला. मी पोहे केले होते. नको म्हणले, भूक ठेवायला पाहिजे, चार चार वेळा आग्रह होणार, पानात काही टाकलं तर बरं दिसत नाही. म्हणजे बघा, पोटात काही नाही, आणि वर चौदा युनिट.

दीड वाजला. टेबलावर ब्रेडची टोपली होती आणि हिरवे ऑलिव्ह. टोपली ह्यांच्या हातापासून वीतभर. मी मराठीत हळू म्हणलं, "ब्रेड खा एक तुकडा."

"ब्रेड नंतर असतो."

"मग ते ऑलिव्ह तरी घ्या."

"त्यांनी घेतलाय का अजून? आणि कुजबुजू नको, वाईट दिसतं."

विहीणबाई चांगल्या होत्या हो. त्यांनी बघितलं की आम्ही टोपलीबद्दल काहीतरी बोलतोय. टोपली उचलून ह्यांच्यापुढं धरली, काहीतरी म्हणल्या, खा खा असंच असणार. तर ह्यांनी छातीवर हात ठेवला, मान लववली आणि हसून म्हणले, "आफ्टर, आफ्टर. आय नो युअर कस्टम."

बाईंना शब्द कळले नसतील, पण हात कळला. त्या पण छातीवर हात ठेवून हसल्या. टोपली परत खाली ठेवली. हे माझ्याकडं असे बघतायत की बघ, जमलं.

मग मला ह्यांच्या वरच्या ओठावर घामाचे बारके थेंब दिसले. खोली काही गरम नव्हती. मार्चचा महिना, मी स्वेटर घातलेला. ते थेंब मी ओळखते, बारा वर्षं बघितलेत. ग्लुकोजच्या गोळ्या माझ्या कोटाच्या खिशात, आणि कोट डाविदेने आतल्या खोलीत नेऊन ठेवलेले. मी उठले. ह्यांनी टेबलाखाली माझं मनगट धरलं, जोरात. "बस."

"अहो, तुम्हाला घाम आलाय."

"बस म्हणतो ना. आली असेल ती. पाच मिनिटं."

मी बसले. लिहिताना हात थांबतो माझा इथं. पण बसले, हे खरं आहे.

त्या भिंतीवरच्या घड्याळाला सेकंदाचा काटा नव्हता. मी पाण्याकडं बघत बसले. पाणी उकळतंय आणि त्यात काही नाही. पावणेदोनला ह्यांची बडबड चालू झाली. विहीणबाईंशी मराठीतच बोलायला लागले. विमानाच्या पार्टबद्दल काहीतरी, मग आकुर्डीचं काहीतरी, मधेच हसले. बाई माना डोलवतायत, त्यांना वाटलं पाहुणे खुशीत आहेत. वाईनचा ग्लास भरलेला तसाच होता, एक घोट फक्त ओठाला लावलेला. मी बाईंच्या चेहऱ्याकडं बघत होते. माझ्या मनात काय आलं सांगू? हे पडतील, हे दोन नंबरला आलं. आधी आलं की बाईंना कळेल. शप्पथ माझ्या अंगात अशी बसलेली.

मग मी म्हणलं मरू दे, आणि उठले. आतल्या खोलीत गेले, कोटाखालनं माझा कोट ओढला, गोळ्या काढल्या. येऊन ह्यांच्या ओठाला गोळी लावली. दात आवळून घेतले ह्यांनी. मान फिरवली, लहान पोर औषधाला फिरवतं तशी. "काढ ते. सगळे बघतायत." सगळे म्हणजे एक बाई. माझा हात झटकला, गोळी खाली गेली. बाई उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडं बघून म्हणलं, "शुगर. शुगर." बाईंनी साखरेचा डबा आणून ठेवला आणि कॉफीची किटली दाखवली, म्हणजे कॉफी हवी का.

तेवढ्यात खाली दार वाजलं, जिन्यात ईशिताचा आवाज, "सॉरी सॉरी सॉरी!" बाईंनी टाळी वाजवली, गॅस मोठा केला, पास्ता पाण्यात सोडला. दोन वाजून पाच मिनिटं. हे आवाज ऐकून उठले. "हात धुऊन येतो," म्हणले, एवढं मात्र एकदम स्वच्छ. भिंतीला धरत बाथरूमकडं गेले. आतनं कडी लावली. मी मागं होते, दोन पावलं. पडल्याचा आवाज आला.

ईशिता कोटासकट धावत आली. दारावर हात मारले, "बाबा! बाबा!" मग माझ्याकडं वळली. "आई, इन्सुलिन घेतलंय?" मी बोलले नाही. एक क्षण, पण बोलले नाही. "आई! घेतलंय?"

"चौदा," मी म्हणलं. "पावणेएकला. आणि खाल्लं काही नाही."

तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. डाविदेने खांद्याने दार तोडलं. अॅम्ब्युलन्स अकरा मिनिटांत आली, त्यांनी साखर वर आणली हो, सुई लावून वर आणली. पण हार्टने साथ दिली नाही. संध्याकाळी सहा वाजता एका डॉक्टरबाईंनी आम्हाला छोट्या खोलीत बसवलं. तिथं टिश्यूचा बॉक्स आधीच ठेवलेला होता. तो बघितल्यावर मला कळलं.

विहीणबाई तिथंच होत्या, एप्रन अंगावर तसाच. डाविदेने त्यांना सगळं सांगितलं. त्या माझ्यासमोर खाली बसल्या, माझे गुडघे धरले आणि भराभर बोलायला लागल्या. डाविदे रडत रडत सांगत होता. "आई म्हणते, माझा भाऊ पण इन्सुलिन घेतो. वीस वर्षं. रोज माझ्या किचनमध्ये, शर्ट वर करून, सगळ्यांच्या समोर. ती म्हणते, मला का नाही सांगितलं? आमच्या घरी मुलं दारातनं येताच ब्रेड तोडतात, ब्रेडला कोण थांबतं? कोणी सांगितलं त्यांना?"

काय सांगणार कोणी सांगितलं. व्हिडिओवाल्याने हॉटेलात जाणाऱ्या टुरिस्टांसाठी सांगितलं होतं. ह्यांनी ते घरच्या माणसांना लावलं.

कॉरोनरने, म्हणजे मरणाची चौकशी करणाऱ्या सरकारी साहेबाने, बॉडी नऊ दिवस ठेवली. अचानक गेलेल्या माणसाचं इथं तसंच असतं. पुण्याच्या गुरुजींना व्हिडिओवर विचारलं, सुतक कधीपासून मोजायचं, गेल्यापासून का दहनापासून. ते म्हणले दहनापासून धरा. म्हणजे आधीचे नऊ आणि नंतरचे बारा, एकवीस दिवस झाले. त्या दिवसांत मी एकाच गोष्टीला भीत होते. ह्यांच्या भीतीसारखीच, ती आता माझ्यात आली होती. मुलगी उंबऱ्यात आली आणि तिचा बाप पडला. आमच्याकडं अशा मुलीला पांढऱ्या पायाची म्हणतात. त्या बाईंच्या गावात पण काहीतरी म्हणत असतीलच की. कार्मेलाबाई इटलीला परत गेल्या नव्हत्या, डाविदेकडंच होत्या. दहनाला आल्या, मागच्या बाकावर बसल्या, गेल्या. ईशिताला मी विचारलं नाही काही. विचारायची हिंमतच नव्हती. ती इथंच राहत होती, जेवायची नाही, माझ्याशी कामापुरतं बोलायची. ते चौदा युनिट आमच्या दोघींच्या मधे होते.

दहनानंतर चौथ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात डाविदे आणि विहीणबाई. बाईंच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं पातेलं. मला वाटलं, झालं, आता सांगणार. सुतकात "या" म्हणत नाहीत, मी नुसती बाजूला झाले.

डाविदे म्हणाला, "आंटी, आमच्या गावात ज्या घरी माणूस जातं तिथं चूल पेटवत नाहीत. शेजारी जेवण आणतात. आईने आणलंय."

आमच्यात पण तसंच, मी म्हणलं. बाईंनी पातेलं टेबलावर ठेवलं, झाकण काढलं. वाफ आली. चिकनचं सूप, त्यात बारके बारके पास्त्याचे दाणे. वासानेच कळलं.

ईशिता माझ्याकडं बघायला लागली. सुतकात घरात मटणमासा चालत नाही, तिला माहिती आहे. पण तिला हेही माहिती की मुलाकडच्या बाईने स्वतःच्या हाताने करून आणलेलं. ह्यांनी काय केलं असतं मला चांगलं ठाऊक होतं. हसले असते, छातीवर हात ठेवला असता आणि खाल्लं असतं. मी खुर्ची धरली.

"नो," मी म्हणलं. "सॉरी. चिकन नो. ट्वेल्व्ह डेज, नो चिकन."

डाविदेने आईला सांगितलं. बाईंनी पातेल्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आ," म्हणल्या. झाकण लावलं, टॉवेल गुंडाळला, पातेलं उचललं आणि दारातनं बाहेर. मी खिडकीतनं बघत होते. गाडीची डिकी उघडली, पातेलं आत ठेवलं, डिकी लावली. मला वाटलं आता गाडीत बसतील.

परत आल्या. दारात चप्पल काढली, टेबलाला बसल्या आणि हाताने विचारलं, मग काय आहे?

मालविकाताईंनी सकाळी वरण-भात आणून दिलेला होता. मी चार ताटल्यांत वाढला. ईशिता बसली. बाईंनी चमच्याने एक घास घेतला, चावला, दुसरा घेतला. मग चमचा थांबवून डाविदेला काहीतरी म्हणल्या. त्याने मान हलवली, नाही नाही म्हणाला. बाईंनी त्याला कोपर मारलं, सांग म्हणून.

"आंटी," तो खाली बघून म्हणाला, "आई म्हणते, मीठ कमी आहे."

मी उठून मीठ आणून दिलं.